रोज तेच जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दिवाळीचा फराळ संपला त्याच आठवड्यात मी जेवणाचा मेनू ठरवून टाकला आणि पुढचे अकरा महिने तो जवळजवळ तसाच चालवला. वजन ७६.४ किलोवरून ६६ वर आलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, भाचीच्या डोहाळजेवणात, जिथे जाईन तिथे तेच ते प्रश्न. माझ्या मेनूपेक्षा हे प्रश्नच जास्त रिपीट होतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे आकडे टिपून ठेवायची खोड तेवढी आहे. वय ४९, उंची १५७ सेंटिमीटर, शाकाहारी, राहणार कर्वेनगर, पुणे.

रोज तेच म्हणजे अगदी तेच?

सांगाडा तोच. सोमवार ते शनिवार कुठल्या वेळी काय प्रकारचं आणि किती खायचं हे ठरलेलं. भाजी बदलते, फळ बदलतं, बाकी काही हलत नाही. जिममधली मुलं रोज उकडलेलं चिकन आणि ब्रोकोली डब्यात भरून नेतात, लोकांच्या डोळ्यासमोर तेच येतं. मला ते आठवडाभरही झेपलं नसतं.

माझी आजी जन्मभर भाकरी, आमटी आणि एक भाजी एवढंच जेवली. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न तिला पडलाच नाही. पण तिचं उदाहरण मी फार ताणत नाही. ती दिवसभर शेतात राबायची आणि दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून ते जेवायची. आपण नऊ तास खुर्चीत बसतो आणि दहा मिनिटांत पिझ्झा दारात येतो. आपल्याला तेच जेवण मुद्दाम ठरवून जेवावं लागतं.

मेनू सांगा ना.

सांगते, पण हे माझं माप आहे. उंच, तरुण किंवा अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढं पुरणार नाही.

सकाळी आठला मुगाची दोन धिरडी. ५० ग्रॅम सालीचे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटायचे. दोन चमचे तेलात दोन्ही धिरडी होतात. सोबत कोथिंबिरीची चटणी आणि एक कप चहा, बिनसाखरेचा.

एक वाजता डबा. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ (कोरडं कडधान्य ३० ग्रॅम), मोठी वाटी भरून फळभाजी, काकडी किंवा गाजर आणि बाटलीत ताक.

साडेचारला मूठभर फुटाणे आणि चहा. सहाच्या सुमाराला एक फळ, बहुतेकदा पेरू, कारण तो स्वस्त असतो आणि चावायला वेळ लागतो.

पावणेआठला पुन्हा तेवढीच भाकरी, तीस ग्रॅम डाळीचं वरण, पालेभाजी आणि वाटीभर दही. त्यानंतर स्वयंपाकघर बंद.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे तक्ते घेऊन मी बेरीज मांडली. साधारण साडेचौदाशे ते पंधराशे कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं होतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे ६६ किलोला पंचावन्नच. शाकाहारी माणसाला हा आकडा गाठायचा तर प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य किंवा दही लागतंच. ‘पोळी-भाजी खाल्ली की झालं’ असं धरून चाललं तर गाठता येत नाही. मी वर्षानुवर्षं तेच धरून चालले होते.

कंटाळा येत नाही?

येतो. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी कँटीनच्या काउंटरवर सामोशाचं कुपन हातात घेऊन उभी होते. डबा टेबलावर तसाच होता. मग शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, ‘मटकी उरणार असेल तर मला दे,’ आणि माझ्यातला कोकणस्थ जागा झाला. कुपन परत केलं.

पण या कंटाळ्याकडे जरा नीट बघा, सगळी गंमत त्यातच आहे. लग्नाच्या पंगतीत मसालेभात नको-नको होतो, पानावर हात आडवा धरतो, आणि तेवढ्यात जिलबी आली की जागा निघते. मठ्ठा आला की पुन्हा भाताला जागा निघते. पोट एकच, पण एका चवीचं समाधान झालं तरी दुसऱ्या चवीची भूक शिल्लक असते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरेच प्रयोग केले. एकच पदार्थ पुढ्यात असला की माणसं लवकर थांबतात, वेगवेगळे पदार्थ एकामागून एक आले की बरंच जास्त खातात. बुफेत आपलं काय होतं हे सांगायला प्रयोग लागत नाही म्हणा.

२०११ साली अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात लेनर्ड एपस्टाइन यांच्या गटाने काही स्त्रियांना मॅकरोनी-चीज सलग पाच दिवस रोज दिलं, तर काहींना तेच आठवड्यातून एकदा असं पाच आठवडे दिलं. रोज खाणाऱ्यांचं खाणं आपोआप घटलं. आठवड्यातून एकदा खाणाऱ्यांचं घटलं नाही. म्हणजे कंटाळा तुमच्या बाजूने काम करतो. जेवण नकोसं वाटावं एवढा वाढला तर मात्र तो सामोशाच्या काउंटरवर नेऊन सोडतो. म्हणून भाजी बदलती ठेवली आहे.

वजन उतरतं ते नेमकं कशाने? भाकरीने, की रोज तेच खाल्ल्याने?

कमी खाल्ल्याने. भाकरीत जादू नाही. रोज तेच खाल्लं की किती खाल्लं हे कळतं, आणि दिवसातले दहा-बारा निर्णय वाचतात. संध्याकाळी साडेसहाला नळस्टॉपच्या सिग्नलला अडकलेलं माणूस जेवणाबद्दल चांगला निर्णय घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. तो आदल्या रविवारीच घेऊन ठेवलेला असावा.

अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची. त्या मंडळींच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात पदार्थांचं वैविध्य बरंच कमी आढळलं. दुसरी गोष्ट अशी की आठवडाभर आणि सुट्टीच्या दिवशी साधारण सारखंच खाणाऱ्यांचं उतरलेलं वजन परत कमी चढलं. अर्थात नाव नोंदवलंय ते जमलेल्यांनीच. ज्यांना जमलं नाही ते कशाला नोंदवतील? त्यामुळे हा पुरावा मी थोडा हात राखूनच वापरते.

पण आहार वैविध्यपूर्ण हवा ना? सगळे डॉक्टर तेच सांगतात.

बरोबर सांगतात. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिले दोन महिने मी पालेभाजी म्हणून रोज पालकच खात होते. पालक निवडायला सोपा, बाराही महिने मिळतो. मग नणदेने विचारलं, ‘तुला स्टोन करून घ्यायचाय का?’ तिला दोनदा झालेत. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि ज्यांना मुतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांना डॉक्टर पालक बेताने खायला सांगतात. मला खडा झाला नाही, पण एकाच भाजीवर जोर देण्यात शहाणपण नाही एवढं कळलं. आता मेथी, माठ, शेपू, चाकवत, अंबाडी, राजगिरा, चवळी अशी फेरी चालते. फळभाजीतही तसंच: पावसाळ्यात दोडका, पडवळ, भेंडी, थंडीत मटार, गाजर, घेवडा, वांगी. ठरवत बसावं लागत नाही. मंडईत जे ढिगाने आलंय आणि स्वस्त आहे ते घ्यायचं. महात्मा फुले मंडई १८८६ पासून पुणेकरांचा मेनू असाच ठरवत आली आहे.

दुसरं बी-१२. ते वनस्पतींत जवळजवळ नसतंच. शाकाहाऱ्यांना दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, आणि बऱ्याचदा ते पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणींमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. माझं १४८ निघालं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनं आणि मग गोळ्या दिल्या. मेनू कितीही सुरेख बसवला असता तरी ही भोकं तशीच राहिली असती. तेव्हा सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, बी-१२, डी, थायरॉइड, साखर, लिपिड.

कॅल्शियमसाठी आठवड्यातून दोनदा ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

घरच्यांसाठी वेगळा आणि तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक करता?

मी नोकरी करते, माझं डोकं फिरलेलं नाही. भाजी, वरण, उसळ सगळ्यांसाठी एकच. ह्यांना आणि मुलाला पोळ्या, त्या मावशी लाटून जातात. मला भाकरी. सासूबाईंना रात्री मऊ भात लागतो, तो कुकरमध्ये वरणाबरोबरच होतो.

विरोध झाला तो सासूबाईंकडूनच. ‘देवाला रोज तोच दूधसाखरेचा नैवेद्य चालतो, पण माणसाला नाही चालत,’ असं म्हणायच्या. आता मटकीला मोड आणायचं काम त्यांनी स्वतःहून घेतलंय. पंचा ओला करून, घट्ट पुरचुंडी बांधून चाळणीवर ठेवतात आणि वर पातेलं उपडं घालतात. माझी मटकी बुळबुळीत व्हायची, त्यांच्या मटकीला बोटाच्या पेरभर मोड येतात. ‘पाणी निथळू द्यायचं असतं, घाई नसते करायची,’ हेही ऐकवतात.

तेल किती वापरता?

माणशी दिवसाला चार-पाच चमचे. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलिलीटरचा, सपाट. एका चमच्याला ४५ कॅलरी.

हे मोजायला लागले तेव्हा खरा धक्का बसला. आमच्याकडे स्टीलची तोटीवाली बुधली आहे. कढई तापली की बुधली तिरकी करायची आणि मनात ‘बास’ म्हणायचं, हे माझं तीस वर्षांचं माप. एक दिवस कढईऐवजी वाटीत ओतलं आणि मग चमच्याने मोजलं. चौघांच्या गवारीच्या भाजीला चौदा चमचे. म्हणजे भाजीतूनच माणशी दीडशेहून जास्त कॅलरी, आणि अजून आमटीची फोडणी व्हायची आहे. आता बुधलीच्या शेजारी चमचा टांगलाय. फोडणी तीन-चार चमच्यांत होते, भाजीवर झाकण ठेवायचं आणि झाकणात पाणी. पहिले आठ दिवस भाजी कोरडी वाटली, नंतर कुणाच्या लक्षातही आलं नाही. दाण्याचं कूटही मोजूनच घ्या. दाण्यात निम्मं तेलच असतं.

सगळं अगदी असंच खाते, तरी काटा हलत नाही.

दोन शक्यता. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो भराभर उतरतं त्यात बरंच पाणी असतं. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलो म्हणजे उत्तम. माझं तर कित्येक आठवडे पाव किलोनेच उतरलं, आणि पाचव्या महिन्यात बावीस दिवस ७१.२ वर ठाण मांडून बसलं होतं. पाळीच्या आधी एखादा किलो वाढतं, लोणचं-पापड झालं की दुसऱ्या दिवशी वाढतं. सोमवारी सकाळी, एकाच काट्यावर, चहाच्या आधी बघा आणि महिन्याचा कल धरा.

दुसरी शक्यता मेनूबाहेरच्या खाण्याची. मी आठवडाभर सगळं वहीत लिहिलं तेव्हा सापडलं ते असं. ऑफिसात दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते साखर २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. मग ‘चव बघू’ म्हणून उचललेली फरसाणाची मूठ. ५० ग्रॅम शेवेला अडीचशेच्या वर कॅलरी. मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, ‘टाकायची कशाला’ म्हणून. बाळंतपणानंतर वाढलेलं माझं निम्मं वजन या टाकायची-कशालातूनच आलं असावं.

माझं वजन बेतात आहे, फक्त पोट सुटलंय. मला याची काय गरज?

तुम्हालाच जास्त असेल. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. एक आपल्या रास्ता पेठेतल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, असा आपल्याकडचा बांधा. याज्ञिकांच्या गटाने दाखवलं की हे पाळण्यापासूनच असतं. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे लहानखुरी. पण चरबीच्या बाबतीत ती इंग्लंडच्या बाळांच्या फारशी मागे नव्हती.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८० सेंटिमीटरच्या. माझा बीएमआय ३१ होता, आता २६.८ आहे, म्हणजे मी अजून लठ्ठच. मात्र तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ६.३ होतं ते ५.६ वर आलं, आणि मला जास्त आनंद त्याचा आहे. घरात टेप आहे ना? आज रात्री कंबर मोजा, श्वास आत न ओढता.

दीक्षित की दिवेकर?

पुण्यात या प्रश्नावरून जेवणाची टेबलं दुभंगलेली मी पाहिली आहेत. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. माझ्या ओळखीत दोन्हीकडे उतरलेले लोक आहेत आणि दोन्हीकडे परत वाढलेलेही. मला दोन जेवणांत डोकं दुखतं, म्हणून मी ते करत नाही.

भात सोडायचा?

आवडत असेल तर नको. एका भाकरीऐवजी तिच्या पिठाएवढ्याच वजनाच्या कोरड्या तांदळाचा भात घ्या, कॅलरी जवळजवळ तेवढ्याच. फक्त भात ताटात पसरतो आणि पुन्हा वाढून घेता येतो. भाकरी मोजता येते.

बागेबाहेर सकाळी दुधीचा रस मिळतो. रोज घेतला तर?

ही एक गोष्ट मात्र रोज करू नका, आणि केलीच तर आधी चव घेतल्याशिवाय तर मुळीच नको. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. कडू रस प्यायल्याने उलट्या, पोटात रक्तस्राव झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. रस कडू लागला तर ‘औषध कडूच असतं’ म्हणत गिळू नका, थुंकून टाका. दुधी भाजी म्हणून झकास लागतो. तो चिरतानाही एक फोड जिभेला लावून बघायची जुन्या बायकांची पद्धत उगाच नव्हती.

मीही दहा वर्षांपूर्वी एका झेरॉक्स चार्टवरून पंधरा दिवस रस आणि सूपवर काढले होते. चार किलो उतरलं, दोन महिन्यांत साडेपाच चढलं आणि कंगव्यात केस यायला लागले.

उपास, गणपती, दिवाळी?

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात कूट, तूप, बटाटा पडला की एका प्लेटला पाचशेच्या पुढे कॅलरी, आणि प्रथिनं जेमतेम. माझी संकष्टी असते. दिवसा राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, दुपारी भगर आणि दाण्याची पातळ आमटी, ताक. चंद्रोदयाला मोदक एक.

गणपतीच्या दहा दिवसांत मी काही उतरवायचा प्रयत्न केला नाही. उकडीचे मोदक मोजायचे नसतात. सकाळचं धिरडं आणि ऑफिसचा डबा तेवढा मोडला नाही. अनंत चतुर्दशीनंतर बघितलं तर सहाशे ग्रॅम वाढलं होतं, तीन आठवड्यांत गेलं. दिवाळीला चकल्या केल्या, पण यंदा अर्ध्या.

रविवारी काय करता?

एक जेवण मोकळं. मिसळ, मस्तानी, काय हवं ते, पण एकच जेवण, अख्खा दिवस नाही.

सिंहगडाबद्दल खास विचारतात. आतकरवाडीतून चढून जातो, घाम गाळतो आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. माझ्या हिशेबाने पिठलं-भाकरी आणि दही अगदी मेनूतलंच आहे. घात करतात त्या भज्या, त्याही दुसऱ्या प्लेटच्या.

व्यायाम?

रोज ४० मिनिटं चालते, आठवड्यातून दोनदा पर्वती. १०३ पायऱ्या, सुरुवातीला दोन ठिकाणी बसायचे. पण खाणं न बदलता चालून वजन उतरेल ही आशा सोडा. अर्धा तास भरभर चाललं तर जेमतेम अर्ध्या वडापावाची भरपाई होते. स्नायू टिकावेत म्हणून हलकी वजनंही उचलते, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.

आम्ही हिंजवडीत फ्लॅटवर राहतो, डबा लावलाय. आम्हाला कसं जमणार?

डबा म्हणजे रोज तेच जेवण आधीच चालू आहे, फक्त ते दुसऱ्याने ठरवलंय. मुलगा पहिल्या नोकरीत असताना एका ठिकाणचा डबा घ्यायचा. भाजीवर बोटभर तवंग, वरण म्हणजे पिवळं पाणी आणि चार पोळ्या. अशा डब्यात दोन गोष्टी करता येतात: पोळ्या चारच्या दोन सांगायच्या आणि प्रथिनं स्वतः भरायची. इंडक्शनवर चार अंडी उकडणं किंवा रात्री मूग भिजत घालणं स्वयंपाक न येणाऱ्यालाही जमतं. दह्याचा डबा, काकडी, फुटाणे यांना तर गॅसही लागत नाही. भाजी चाळणीवर दोन मिनिटं ठेवा आणि खाली किती तेल जमतं ते बघा. रात्री अकराची ऑर्डर बंद झाली तरी निम्मं काम होतं.

अंडी, चिकन चालतं?

चालतं, उलट तुमचं काम सोपं आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं. चिकन रश्श्यातलं खा, वरचा तवंग सोडा.

प्रोटीन पावडर?

मी घेत नाही. परवडणारी असेल आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर घेणाऱ्यांनी घ्यावी. फुटाणे स्वस्त पडतात.

हे कुणी करू नये?

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. वजन उतरेल तशा गोळ्या कमी कराव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांनीच करायच्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू नका. गंमत म्हणजे त्या लोकांना पालेभाजी रोज सारखीच खायला सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी-कडधान्यांचं माप तज्ज्ञच ठरवतील. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि वाढत्या वयाच्या मुलांनी हा मेनू करू नये. आणि एखादा दिवस मेनू मोडला तर रडू येतं, जेवणाला बोलावलं की छातीत धडधडतं, असं होत असेल तर वजन बाजूला ठेवून आधी त्याबद्दल कुणाशी तरी बोला. माझ्या ओळखीतली एक मुलगी या वाटेने फार लांब गेली होती.

भाकरी थापताच येत नाही हो!

मलाही येत नव्हती. पोळीभाजी केंद्रात विकत मिळते, सुरुवात तिथून करा. शिकायचीच असेल तर पीठ ताजं हवं. महिनाभर पडलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी कडेने फुटते. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत गरम घ्यायचं आणि एका भाकरीपुरतंच पीठ हाताच्या तळव्याने चांगलं मळायचं. परातीत पीठ भुरभुरून थापली की खालची पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायची आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. इथेच सगळे चुकतात. पाणी ओलं असताना उलटली तर तव्याला चिकटते, पूर्ण वाळू दिली तर तडे जातात. पाण्याची चमक गेली पण ओल आहे, त्या क्षणी उलटायची. मग खालची बाजू नीट भाजून थेट आचेवर. फुगली तर आवाज न करता फुगते. माझी अजूनही दहातली एक तडकते, ती मी माझ्याच डब्यात घालते.